सर्पांचे लिंग : व्याकरणातील व शरीरातील

महाड-पोलादपूरच्या भातशेतीत व एकंदर कोकणात ज्या विषारी सर्पांची भीती बाळगली जाते, त्यांच्या नावांत मराठीची तिन्ही लिंगे आढळतात : तो नाग, ती घोणस, ते फुरसे. ही लिंगे शब्दांची होत, प्राण्यांची नव्हेत. तथापि बोलणारा समाज हा भेद नेहमीच पाळतो असे नाही. ‘नागीण’ हा शब्द भाषेत असतानाही धामण हीच नागाची मादी, असा समज महाराष्ट्रात रूढ आहे. वास्तविक हे दोन सर्प भिन्न कुळांतील असून त्यांचा संकर संभवत नाही.

या विचाराची परंपरा प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात दंशाची लक्षणे सर्पाच्या लिंगानुसार सांगितली आहेत : नराने दंश केलेला वर पाहतो, मादीने केलेला खाली, नपुंसकाने केलेला तिरके. व्याकरणाची त्रयी येथे निदानशास्त्रात उतरलेली दिसते.

शवविच्छेदनाने मात्र निराळेच चित्र समोर आणले. पॅट्रिक रसेल यांचा भारतीय सर्पांवरील ग्रंथ १७९६ साली निघाला; घोणशीच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव राहिले आहे. घोणशीच्या नराचे वृषण उदरात, एकापुढे एक असतात. जननेंद्रियांची जोडी शेपटीच्या मुळाशी आत वळलेली असते. म्हणून नराची शेपटी तुलनेने लांब व बुडाशी जाड दिसते. मादीच्या अंडवाहिनीतच पिलांची वाढ होऊन ती जिवंत जन्मतात. फुरशाचेही तसेच, व्याकरणाने नपुंसक ठरविलेल्या या सर्पातही नर व मादी आहेतच. नाग व मण्यार अंडी घालतात. विषग्रंथी व विषदंत नर-मादी दोहोंत असतात.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेले संशोधन १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे त्यांनी सर्पदंशाचाही अभ्यास केला. रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न नर की मादी हा नसून, रक्त गोठते की नाही, पापण्या मिटू लागल्या काय, व रुग्णालय किती वेळात गाठले, हा असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवरील प्रतिविष एकच आहे. ते देताना सर्पाचे लिंग विचारले जात नाही. उलट, नागाची मादी म्हणून जी धामण मारली जाते, ती बिनविषारी असून शेतातील उंदीर खाते.

शब्दाचे लिंग ही भाषेची सोय आहे. तिला प्राण्याच्या शरीराविषयीची साक्ष मानणे, हे भाषेच्या अभ्यासकाने तरी टाळले पाहिजे.