मनोहरगड पडल्यानंतर

मालवणच्या जेटीवर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो आणि आम्ही शिवरायांच्या आरमाराच्या, दौलतखानाच्या गोष्टी सांगू लागतो. या किल्ल्यावर 1812 साली इंग्रजांचे निशाण चढले, इथवर आलो की मात्र गप्प होतो. कारण पुढची लढाई डोंगरात झाली आणि डोंगराकडे पाठ करून बसण्याची आम्हा किनाऱ्यावरच्यांना सवयच आहे.

त्याच वर्षी वेंगुर्लेही गेले. 1819 मध्ये निवती आणि रेडीचा यशवंतगड पडला. 1838 पासून सावंतवाडीचा कारभार कंपनीच्या अधिकाऱ्याकडे गेला. राजे खेम सावंत नावापुरते उरले.

1844 मध्ये घाटावर, गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकरी उठले. पिढ्यान्‌पिढ्या गड राखून ज्या जमिनी त्यांनी खाल्ल्या, त्या कोल्हापूरचा नवा कारभार काढून घेऊ लागला होता. म्हणजे प्रश्न भाकरीचा होता. म्हणून हे बंड लहान ठरते, असे आम्हाला वाटत नाही. वणवा घाट उतरून सावंतवाडीत आला. फोंड सावंत तांबुळकर मुलांसह उठले. खुद्द युवराज अण्णासाहेब बंडवाल्यांना मिळाले. ऑक्टोबरात सामानगड आणि डिसेंबरात पन्हाळा इंग्रजांनी घेतल्यावर सारी भिस्त शिवापूरजवळच्या मनोहर-मनसंतोष या जोडगडांवर आली.

जानेवारी 1845 च्या अखेरीस मनोहरगड पडला. इंग्रजांना गड मिळाला, पण पुढारी मिळाले नाहीत. ते गोव्यात उतरले. ज्या पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात सावंतांची डिचोली, साखळी, पेडणे घेतली होती, त्यांनीच आता या माणसांना इंग्रजांच्या हवाली करायला नकार दिला! एका परक्याची हद्द दुसऱ्या परक्यापासून आडोसा झाली.

मनोहरगडाने निकाल लावला तो एवढाच: गड धरून बसायचे युद्ध आमच्या मुलखात संपले. तोफांपुढे कातळ टिकत नाही, हे कळलेली माणसे पुढे हद्द आणि रान धरून लढली. 1858 मध्ये फोंड सावंतांचे मुलगे पुन्हा उठले तेव्हा त्यांनी गड शोधला नाही, कारवारकडच्या सुप्याचे जंगल गाठले.

अण्णासाहेबांना पुढे परत येऊ दिले आणि 1867 मध्ये गादीही मिळाली. गडकऱ्यांचे पुढे काय झाले, हे विचारायला शिवापुरास जावे तर मनोहरगड चढता येतो. शेजारच्या मनसंतोषची वाट मोडलेली आहे, दोराशिवाय वर जाता येत नाही.