तळ्यावर चालणारी गाडी

1922 चा ऑक्टोबर. स्वित्झर्लंडमधल्या एर्स्टफेल्डच्या यार्डात तुम्ही मालगाडीच्या तपकिरी ‘क्रोकोडाइल’ इंजिनावर चढता, आणि पहिल्यांदा जाणवतं ते हे, की धुराचा वास नाही. गरम तेलाचा आहे. पुढे मगरीसारखं लांब नाक, खाली साइड रॉड. ड्रायव्हर हात पुसतो, कंट्रोलरचं चाक फिरवतो. मोटारी घुमू लागतात, रॉड खणखणतात, गाडी हलते.

चढ साधारण 38 ला 1, म्हणजे जवळपास आपल्या बोरघाटाइतकाच. (सहा-सात वर्षांनी याच जातीची इंजिनं विंटरथुरच्या कारखान्यातून तिथेही येतील आणि रेल्वेवाले त्यांना ‘खेकडा’ म्हणतील.) वासेन गावाचं चर्च आधी उंचावर दिसतं. गाडी डोंगराच्या पोटात वळसा घेऊन बाहेर पडते, तर ते जवळपास समोर. आणखी एक वळसा, आणि आता त्याच्या छपराकडे तुम्ही वरून बघताय.

ग्योशेनेनला बोगदा सुरू होतो. पंधरा किलोमीटर. तो खोदवून घेणारा लुई फाव्र 1879 मध्ये या बोगद्यातच कोसळून गेला. 1882 मध्ये सुरू झालेली वाहतूक त्याला बघायला मिळाली नाही. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं वाफेच्या इंजिनांवरची माणसं या अंधारात धूर गिळत राहिली. आज तुम्ही मोकळा श्वास घेताय, तो त्यांच्यासाठीही घ्या.

या देशाकडे फारसा कोळसा नाही. महायुद्धात बाहेरचा पुरवठा आटला आणि विजेची घाई झाली.

ऐरोलोला उजेड. आता उतार. पिओट्टाजवळ ड्रायव्हर डावीकडे बोट दाखवतो: डोंगरावरून सरळ खाली आलेले पाइप. वर रितोम तळं, खाली 1920 चं वीजघर, मधे सुमारे आठशे मीटरची उंची. ते पाणी पेल्टन चाकांच्या वाट्यांवर आदळतं आणि वीज होऊन 15,000 व्होल्टच्या तारेतून तुमच्या डोक्यावर येतं. खरं इंजिन वर डोंगरात आहे, हे तुम्हाला तिथे कळतं.

ड्रायव्हर ब्रेकला हात लावत नाही. उतारावर मोटारीच जनित्र झाल्यात. त्यांचा सूर बदललाय, वेग आवरतोय आणि वीज तारेत परत जातेय. समोरून चढाची मालगाडी येते. दुसरी मगर, कण्हत, हळूहळू. ड्रायव्हर खिडकीतून हात हलवतो. तिच्या चढाला थोडा हातभार तुमच्या उताराचा आहे.