विषाणूरोधक अवस्था, पेशींमधील

विषाणूची लागण झालेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करते आणि त्या पेशी विषाणू पोहोचण्याआधीच संरक्षणाची तयारी करतात. या तयारीच्या स्थितीला विषाणूरोधक अवस्था म्हणतात. हा इशारा मुख्यतः इंटरफेरॉन या प्रथिनांमार्फत जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये आढळलेला आणि पुढे सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरात पसरलेला माकडताप हा नेमका हाच इशारा निष्फळ करणाऱ्या विषाणूचा आजार आहे. म्हणून येथील विवेचन शेवटी त्याच्याकडे येते.

लंडनजवळच्या मिल हिल येथे १९५७ मध्ये ॲलिक आयझॅक्स आणि झाँ लिंडेनमान यांनी उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील गर्भवेष्टनाच्या तुकड्यांसोबत ठेवला. नंतर तो द्रव ताज्या तुकड्यांवर घातला, तेव्हा जिवंत विषाणूची वाढ त्यांवर रोखली गेली. पेशींनी द्रवात सोडलेल्या या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन म्हटले. त्याआधी, १९५४ मध्ये, जपानच्या नागानो आणि कोजिमा यांनी सशाच्या त्वचेवरील प्रयोगांत असाच घटक नोंदवला होता. तो निबंध फ्रेंच भाषेत होता. त्यांना मिळायला हवे होते तेवढे श्रेय आजही मिळत नाही.

विषाणू पेशीत शिरून आपल्या आरएनएच्या प्रती काढू लागला की पेशीद्रवातील रिग-आय आणि एमडीए-५ ही प्रथिने त्या परक्या आरएनएला ओळखतात. मग इंटरफेरॉनची जनुके जागी होतात आणि तयार झालेले प्रथिन पेशीबाहेर पडते. शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला ते चिकटले की आत जॅक आणि स्टॅट या प्रथिनांची साखळी चालू होते व शेकडो जनुके कामाला लागतात. त्यांतील पीकेआर हे विषाणूचा आरएनए दिसताच पेशीतील प्रथिननिर्मितीच थांबवते. आरएनएज-एल आरएनएचे तुकडे करते. आयफिटम गटातील प्रथिने विषाणूला पेशीत शिरतानाच अडवतात. प्रथिननिर्मिती थांबवणे पेशीलाही महाग पडते, म्हणून खरा विषाणू दिसेपर्यंत यातील काही शस्त्रे सज्ज असूनही निष्क्रिय राहतात. उन्हाळ्याआधी डोंगरउतारावर गवत काढून जाळरेषा आखतात, तसा लागण झालेल्या पेशीभोवती हा सज्ज पेशींचा पट्टा तयार होतो. पहिली पेशी बहुधा मरते. तिच्या इशाऱ्याचा लाभ इतरांना होतो. तापातील अंगदुखी व थकवा काही अंशी इंटरफेरॉनमुळेच येतो. औषध म्हणून ते टोचलेल्या रुग्णांनाही हाच त्रास होतो.

इशाऱ्याच्या इतर वाटाही आहेत. डीएनए असलेल्या विषाणूंना सीगॅस हे प्रथिन ओळखते आणि सीगॅम्प नावाचा छोटा रेणू बनवते. पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गिकांतून तो थेट शेजारी जातो, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. इंटरफेरॉन तयार होण्याची वाट न पाहता इशारा पुढे जाण्याची ही सोय आहे. पुढे २०१५ मध्ये असे दिसले की नव्याने बाहेर पडणाऱ्या विषाणूकणांतही सीगॅम्प बांधला जातो. म्हणजे विषाणू पुढच्या पेशीत स्वतःविरुद्धचा निरोप घेऊन शिरतो. एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांतूनही पेशी एकमेकींना विषाणूरोधक क्षमता देतात. हेपटायटिस-बी विषाणूवरील प्रयोगांत हे आढळले आहे.

इशारा पोहोचला नाही तर काय होते, हे कोविडच्या साथीत स्पष्ट झाले. जिवावर बेतणारा न्यूमोनिया झालेल्या रुग्णांपैकी किमान १० टक्के जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे होती, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

माकडतापात इशारा पोहोचतो, पण निष्फळ ठरतो. त्याचा विषाणू इंटरफेरॉनच्याच वर्षी, १९५७ मध्ये, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागल्यावर सापडला. तो शोधणारे पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. हा डेंग्यूच्याच कुळातील आरएनए विषाणू गोचिडांमार्फत पसरतो. त्याचे एनएस-५ हे प्रथिन दुहेरी काम करते : विषाणूच्या आरएनएच्या प्रती काढते आणि इंटरफेरॉनचा निरोप घेणाऱ्या पेशीतील जॅक-स्टॅट साखळी अडवते. प्रयोगशाळेत संसर्गित पेशींवर इंटरफेरॉन घातले तरी त्याची वाढ फारशी थांबली नाही. पाठवलेला निरोप वाया जातो तो घेणाऱ्याच्या दारात. माकडतापावर इंटरफेरॉनकडून फार आशा ठेवता येत नाही, त्यामागचे हे एक सबळ कारण आहे.

त्यामुळे सावंतवाडी आणि दोडामार्गातील बचाव शरीराबाहेरच करावा लागतो. गोचिडांची पिल्ले कोरड्या महिन्यांत सर्वाधिक चावतात आणि काजू बी गोळा करण्याचा हंगामही तोच असतो. बागेत, रानात जाणाऱ्याला हा धोका टाळणे कठीण. गोचीड चावल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काहींना रक्तस्राव होतो आणि रुग्णांपैकी सुमारे ३ ते ५ टक्के दगावतात. या आजारावर खास औषध नाही. उपचार लक्षणांवर आणि शरीरातील पाणी टिकवण्यावर असतात. फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची जुनी लस कर्नाटकात अनेक वर्षे दिली गेली. तिचे अनेक डोस घ्यावे लागत आणि तिने मिळणारे संरक्षण अपुरे ठरले. रानात माकड मेलेले दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे, कारण मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या संसर्गित गोचिडी त्या परिसरात नवे भक्ष्य शोधत असतात.