मलाक्काच्या न्योन्या आणि त्यांचे स्वयंपाकघर

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सनदा, बखरी आणि कुलवृत्तान्त उभे राहतात. कुलवृत्तान्तातील वंशवृक्षाच्या फांद्यांवर बहुधा पुरुषांचीच नावे असतात. सुना आल्या, मुली सासरी गेल्या, त्यांची नोंद फारशी कोणी ठेवीत नाही. परंतु असाही एक समाज आहे, की ज्याचा इतिहास कागदापेक्षा पाट्या-वरवंट्यावर अधिक लिहिला गेला, आणि तो बायकांनी लिहिला. मलाक्का, पिनांग व सिंगापूर ह्या तीन बंदरांत वाढलेला ‘पेरानाकान’ समाज तो हा. त्यांचे हे धन कसे साठले, कसे हरवू लागले आणि गेल्या पन्नास वर्षांत लेकी-नातवंडांनी ते पुन्हा कसे शोधून काढले, ही हकीकत मंडळाच्या भगिनींनी ऐकण्यासारखी आहे.

मलायी भाषेत ‘अनाक’ म्हणजे मूल. ‘पेरानाकान’ म्हणजे इथल्या मातीत जन्मलेली, परदेशी बाप आणि देशी आई यांची संतती. मलाक्काचे बंदर सन १४००च्या सुमारास नावारूपाला आले. ईशान्येच्या वाऱ्यावर चीनची गलबते येत, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर हिंदुस्थानची. आणि वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्यांना महिनोन् महिने तेथेच मुक्काम करावा लागे. चिनी बायका त्या काळी सहसा समुद्र ओलांडीत नसत. साहजिकच व्यापाऱ्यांनी तिथल्या बायकांशी लग्ने केली व घरे थाटली. ह्या घरांतील पुरुषांना ‘बाबा’ आणि स्त्रियांना ‘न्योन्या’ म्हणू लागले. ‘बाबा’ हा शब्द फारसी-हिंदुस्थानी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेला आणि ‘न्योन्या’ पोर्तुगीज वळणाचा आहे, असे मानतात. पोर्तुगीजांचा आणि आपलाही संबंध आहेच. त्यांनी १५१० साली गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी मलाक्का. पुढे १६४१ साली डच येईपर्यंत मलाक्काचा कारभार गोव्याच्या अधिकाराखाली चाले. इंग्रजांनी १८२६ साली तिन्ही बंदरे एका अंमलाखाली आणली आणि बाबा व्यापाऱ्यांची भरभराट झाली.

ह्या घरांची घडण मोठी मौजेची होती. देव्हारा आणि पितर बापाकडचे, म्हणजे चिनी; बोली आईकडची, म्हणजे मलायी, मात्र तिच्यात चिनी शब्द मिसळलेले. मेजवानीच्या लांबलचक टेबलाला ते ‘तोक पांजांग’ म्हणतात. त्यातला ‘तोक’ चिनी आणि ‘पांजांग’ मलायी. न्योन्या नेसायची ती नक्षीची सारोंग, वर झिरझिरीत कबाया, आणि कबायाला बटणांऐवजी सोन्याच्या तीन पिना. ती जेवायची आपल्यासारखी हाताने.

स्वयंपाकघरात ही मिसळण पुरती मुरलेली दिसे. न्योन्येच्या घरी सर्व कालवणांचा पाया म्हणजे ‘रेम्पा’, आपल्या भाषेत ओले वाटण. त्यात लहान कांदे, ओल्या व सुक्या मिरच्या, हळद, कुलिंजन, गवती चहा आणि ‘बलाचान’ म्हणजे बारीक जवळ्याला मीठ लावून, वाळवून, कुटून केलेली वडी. वाटण्यासाठी ‘बातू गिलिंग’, तो तर हुबेहूब आपला पाटा-वरवंटा. आणि कुटण्यासाठी दगडी खल. भिंतीपलीकडून खलाचा ठेका ऐकून जुन्या बायका पोरीची पारख करीत, असे सांगतात. ठेका एकसारखा असेल तर मुलगी हाताची तयार!

त्यांचा मानाचा पदार्थ ‘अयाम बुआ कलुआक’, म्हणजे कलुआकच्या बिया घालून केलेली कोंबडी. ह्या बिया कच्च्या असताना विषारी असतात. त्या उकडून, राखेत व मातीत सुमारे चाळीस दिवस पुरून ठेवायच्या; मग गर काळा होतो आणि विष जाते. पुढे घरी आणून कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवायच्या, रोज पाणी बदलायचे, घासायच्या, टोक फोडून गर काढायचा, मीठ आणि कोळंबी वा मांसाचा खिमा घालून कुटायचा, पुन्हा कवचीत भरायचा आणि चिंचेच्या रश्शात शिजवायचा. विषातून चव काढण्याची ही विद्या कोणा पंडिताने लिहून ठेवली नव्हती. सासूकडून सुनेला आणि आईकडून लेकीला ती हातोहात मिळाली.

गोडधोडाचे पाहिले तर आपल्याला परके वाटणार नाही. तांदळाच्या पिठीच्या गोळ्यात माडाचा गूळ भरून, उकळत्या पाण्यात शिजवून, ओल्या नारळाच्या चवात घोळवलेला ‘ओन्दे-ओन्दे’ खाताना कोकणातल्या बाईला उकडीचा मोदक आठवल्यावाचून राहणार नाही. भाताला निळा रंग आणण्यासाठी त्या गोकर्णाची फुले वापरतात आणि वासासाठी केवड्याच्या जातीचे पांदानचे पान.

सणावारांचेही तसेच. चिनी नववर्षाच्या आधी चुलीच्या देवाला निरोप देतात. तो स्वर्गात जाऊन घरातल्या वर्षभराच्या वागणुकीचा अहवाल देतो, अशी समजूत आहे. म्हणून चिकट तांदूळ आणि साखर यांचा ‘कुए बाकुल’ नावाचा गोड पदार्थ त्याच्या ओठांना चोपडतात. त्याने गोडच बोलावे, आणि वाईट बोलायचे झालेच तर तोंड उघडू नये! तीळगूळ देऊन माणसांना गोड बोलायला लावणाऱ्या आपल्याला ह्याचे नवल वाटू नये. हा पदार्थ तासन् तास वाफवावा लागतो; तो चुलीवर असताना वावगे बोलायचे नाही, असे पाळणुकीचे नियम असत. आपल्याकडचे सोवळे आठवावे.

पितरांच्या दिवशी त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात, उदबत्त्या लावतात आणि वाट पाहतात. पितर जेवून तृप्त झाले की नाहीत, हे कळण्यासाठी दोन नाणी टाकायची. एक छापा आणि एक काटा पडला म्हणजे झाले. तसे पडले नाही तर थांबायचे आणि पुन्हा विचारायचे. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळणाऱ्या आपल्या घरांना ही हुरहूर समजावून सांगायला नको. आजेसासूबाईंना कलुआकची कोंबडी आवडे म्हणून ती त्या दिवशी व्हायलाच हवी. अशा रीतीने पितरांची तिथी हाच पाककृतींचा पाठ होऊन बसला होता.

पेरानाकानांत आपल्या देशाकडचेही लोक आहेत. मलाक्काला ‘चेट्टी’ म्हणून एक लहानसा समाज आहे. तामीळ व्यापारी आणि तिथल्या स्त्रिया यांचा तो वंश. भाषा मलायी, वेष मलायी, धर्म मात्र हिंदू. १७८१ साली बांधलेले त्यांचे विनायकाचे मंदिर मलाक्कात आजही आहे. पोंगलच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्या भोगीलाच, ते ‘पारचू भोगी’ करतात. केळीच्या पानांवर पितरांसाठी नैवेद्य मांडतात. तामीळ बोली गेली, पण भोगीचे पान राहिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

इथवर सारे गोड झाले. पण ह्या वैभवाची किंमत कोण देत होते, तेही सांगितले पाहिजे. पूर्वी बाराव्या-तेराव्या वर्षी न्योन्या मुलीचे घराबाहेर पडणे बंद होई. लग्न ठरेपर्यंत तिने स्वयंपाक शिकायचा आणि मण्यांच्या सपाता भरायच्या. ते बारीक मणीकाम पाहून आज लोक थक्क होतात. पण त्या मण्यांत किती मुलींची कोवळी वर्षे ओवली गेली, ते कोणी मोजले आहे? लग्नाचे सोहळे बारा दिवस चालत, नवरीच्या अंगावर दागिन्यांचे ओझे असे. पण अक्षरओळख बहुतेकींना नसे. ह्या स्थितीची लाज वाटून डॉ. लिम बून केंग व साँग ओंग सियांग ह्या त्यांच्यातल्याच सुधारकांनी १८९९ साली सिंगापुरात चिनी मुलींची शाळा काढली. इकडे पुण्यात अण्णासाहेब कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो १८९६ साली. वारे सगळीकडे एकाच सुमारास वाहू लागले होते.

पुढे सुबत्ता ओसरली. १९२९ नंतरच्या मंदीत रबराचा भाव कोसळला. मग १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि साडेतीन वर्षे हाल झाले. जपान्यांनी मलाया व सिंगापूरच्या चिनी लोकांवर पाच कोटी डॉलरांची खंडणी लादली. घराघरांतले दागिने, चिनी मातीची गुलाबी-हिरवी भांडी, शिसवी सामान विकले गेले. युद्धानंतर मोठी घरे मोडली, कुटुंबे विभक्त झाली. १९६० साली सिंगापुरात सरकारी गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि लोक उंच इमारतींतल्या गाळ्यांत राहावयास गेले. तिथे पाटा ठेवायचा कुठे, आणि पहाटे खल कुटला तर खालचे बिऱ्हाड काय म्हणेल? मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या. शाळेत चिनी वंशाच्या मुलांना मातृभाषा म्हणून मँडरिन शिकावी लागे. आजीची मलायी बोली नातवंडांच्या जिभेवरून उतरू लागली. आजीशी धड बोलता येईना, तिथे तिच्या हाताखाली शिकणार कसे?

तशात न्योन्यांच्या स्वयंपाकाला लेखी माप नव्हते. त्यांचा शब्द ‘आगाक-आगाक’, म्हणजे आपले अंदाजपंचे. ‘किती घालू?’ म्हटले की उत्तर, ‘पुरे होईल इतके.’ हे शास्त्र ज्या हातांत असते, त्या हातांबरोबरच ते जाते.

अशा वेळी एक वृद्ध न्योन्या पुढे आली. ली चिन कून बाई ह्या सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांच्या मातोश्री. १९०७ सालचा जन्म. त्या स्वयंपाकाचे वर्ग घेत असत. त्यांनी अंदाजाचे माप करून १९७४ साली आपले पाकपुस्तक छापले. आपल्याकडे कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ त्याच्या चारच वर्षे आधी, १९७० साली, आले होते. पुढे २००३ साली त्यांच्या नातीने, शर्मे ली यांनी, ते पुस्तक नव्या गृहिणींसाठी सुधारून पुन्हा काढले. आजीने लिहिले म्हणून नातीला सुधारता आले. जे लिहिलेच नसते ते सुधारणार काय?

मग हळूहळू इतरही जागे झाले. २००८ हे साल ह्या बाबतीत भाग्याचे ठरले. त्या वर्षी मलाक्का आणि पिनांगचे जॉर्ज टाउन ही शहरे जागतिक वारशाच्या यादीत आली, सिंगापुरात पेरानाकान संग्रहालय उघडले (मधे बंद राहून २०२३ साली ते पुन्हा खुले झाले), आणि ‘धाकटी न्योन्या’ अशा अर्थाच्या नावाची दूरचित्रवाणी मालिका घरोघरी पाहिली गेली. गंमत अशी, की ती मालिका मँडरिनमध्ये होती; पण तिच्यामुळे कितीतरी तरुणांना आपल्या आजीच्या पेटीतली कबाया पाहावीशी वाटली. डिसेंबर २०२४ मध्ये कबायाही युनेस्कोच्या यादीत गेली. तिच्यासाठी मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, ब्रुनेई व थायलंड अशा पाच देशांनी एकत्र अर्ज केला होता. ज्या वस्त्राचा जन्मच मिसळण्यातून झाला, ते एकट्याचे कसे असणार?

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आई-आजीच्या हाताखाली वाटण शिकलेल्या माल्कम ली नावाच्या एका पुरुषाच्या ‘कँडलनट’ ह्या उपाहारगृहाला २०१६ साली मिशेलिनचा तारा मिळाला. असा मान मिळवणारे ते पहिले पेरानाकान उपाहारगृह. म्हणजे ज्या विद्येसाठी एके काळी मुलीला घरात कोंडून ठेवीत, ती आता नातू आपखुशीने शिकतो.

जुन्या चालीरीतींचा कैवार घेणारे म्हणतात, मुली शिकल्या, बाहेर पडल्या आणि घरची विद्या बुडाली. न्योन्यांची हकीकत त्याला चोख उत्तर देते. घरची विद्या न्योन्यांनी टिकवली हे खरे, पण तिला जीवदान मिळाले ते लिहिता-वाचता येणाऱ्या लेकींमुळे. कोंडलेल्या मुलीजवळ ती एका घरापुरती होती. लिहिलेली विद्या सर्वांची झाली आणि तिचे ओझे एकट्या सुनेच्या डोक्यावरून उतरले.

भगिनींनो, आपल्यातही कोणाचे घर देशावरचे, कोणाचे कोकणातले, कोणाचे गोव्याचे, तर कोणाचे पिढ्यान् पिढ्या बडोदे-इंदूर-तंजावरकडचे. प्रत्येकीच्या घरी एखादी आमटी, एखादी वडी, भोगीच्या भाजीची एखादी खास रीत अशी असते, की ती दुसऱ्या कोणाकडे तशी होत नाही. आणि ती बहुधा एकाच बाईच्या हातात असते. तिच्याजवळ बसावे. तिची मूठ वाटीने मोजून घ्यावी. पाककृतीखाली तिचे माहेरचे व सासरचे नाव, गाव, आणि ती तिला कोणी शिकवली तेही लिहावे. कुलवृत्तान्तात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचा वंशवृक्ष अशानेच उभा राहील. आणि लिहिताना लेकीबरोबर लेकालाही जवळ बसवावे.