ठिणगी कोठे अडते?

निकोला टेस्ला म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच छायाचित्र उभे राहते. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या लाकडी प्रयोगशाळेत एक सडपातळ गृहस्थ खुर्चीवर टिपणे वाचीत शांत बसला आहे आणि त्याच्या डोक्यावरून विजेचे लोळ धावत आहेत. हे छायाचित्र जसे दिसते तसे नाही, हे खुद्द टेस्लानेच सांगून ठेविले आहे. लोळ वेगळे टिपले, माणूस वेगळा टिपला, आणि दोन्ही एकाच काचेवर उतरविले. लोळ उठत असता त्या खुर्चीवर बसण्याइतका तो वेडा नव्हता.

त्याच मुक्कामातली दुसरी एक वस्तू मात्र फारशी कोणाच्या भिंतीवर लागत नाही. ती म्हणजे त्याची वही. १ जून १८९९ पासून पुढील वर्षाच्या जानेवारीपर्यंत तो ती लिहीत होता. १९७८ साली ती बेलग्रेडला छापून निघाली. तीत चमत्कार थोडे, हिशेब फार. आज इतकी वेटोळी कमी केली, आज धारित्र बदलले, आज ठिणगी आखडली, आज लांबली. मला विचाराल तर टेस्लाचा खरा इतिहास त्या वहीत आहे. किंबहुना त्याच्या यंत्राचा सारा इतिहास म्हणजे काय काय बिघडले आणि ते कोणी कसे दुरुस्त केले, याचीच कथा आहे.

ती कथा टेस्लाच्या जन्मापूर्वीच सुरू होते, आणि तीही एका मास्तराच्या हातून. आयर्लंडमधील मेनूथ येथील धर्मविद्यालयात निकोलस कॅलन नावाचे पाद्री पदार्थविज्ञान शिकवीत. १८३६ साली त्यांनी लोखंडाच्या गजावर दोन तारा गुंडाळल्या, एक जाड व थोडी, दुसरी बारीक व पुष्कळ. जाड तारेतील प्रवाह तोडला की बारीक तारेच्या टोकांशी जबर दाब उत्पन्न होई. तो किती, हे मोजावयास साधन नव्हते. तेव्हा कॅलनसाहेब विद्यार्थ्यांना तारा हातात धरावयास सांगत! पुढे डब्लिनचा आर्चबिशप झालेला विल्यम वॉल्श अशाच एका प्रयोगात बेशुद्ध पडला, असे सांगतात.

प्रवाह तोडणाऱ्या पट्टीवरच ठिणगी पडे, ती पट्टी जळे, आणि तोड हवी तशी एकदम होत नसे. हा पहिला मोठा दोष. १८५३ साली फ्रान्सच्या फिझोने त्या पट्टीला समांतर एक धारित्र जोडले आणि दोष बराचसा मिटला. दुसरा दोष बारीक तारेचा. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग थरांवर थर चढविले की शेजारशेजारच्या थरांत भलताच दाब येई आणि ठिणगी बाहेर पडण्याऐवजी आतच फुटे. ती तार अनेक चकत्यांत वाटून गुंडाळण्याची युक्ती पुढे रूढ झाली. पॅरिसच्या रूमकोर्फने ह्या साऱ्या सुधारणा एकत्र आणून इतके नामी यंत्र बनविले की तिसऱ्या नेपोलियनने त्याला ५०,००० फ्रँकांचे पारितोषिक दिले. कॅलनचे नाव मागे पडले. मास्तरांचे असेच व्हावयाचे.

टेस्लाने हे रूमकोर्फचे यंत्र घेतले व त्याला सेकंदाला हजारो फेरे करणाऱ्या प्रवाहाला जोडून पाहिले. लोखंडाचा गाभा तापला, तारेवरचे निरोधन वितळले. दुसरा कोणी असता तर त्याने लोखंड सुधारले असते. टेस्लाने ते काढूनच टाकले. पोकळ हवेचा गाभा, बाहेर थोड्या वेढ्यांचे प्राथमिक वेटोळे, आत हजारो वेढ्यांचे दुय्यम, आणि प्राथमिकाला झटके देण्यास धारित्र व ठिणगीची फट. २० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात त्याने ह्याची प्रात्यक्षिके दाखविली. २३ जूनला पेटंटही मिळाले. एलिहू थॉमसन हाही त्या सुमारास ह्याच वाटेवर होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

येथे यंत्राचा स्वभावच पालटला. रूमकोर्फच्या गुंडाळीत वेढ्यांची संख्या राज्य करी. टेस्लाच्या गुंडाळीत ताल राज्य करू लागला. झोपाळ्याला योग्य क्षणी बोटभर रेटा दिला तरी तो आढ्याला लागतो, आणि अवेळी दिलेला धक्का त्याला थांबवितो. धारित्र आणि वेटोळे ह्यांच्या जोडीला स्वतःचा असा एक ताल असतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, ह्यांनी १८५३ सालीच गणिताने दाखविले होते. दोन्ही वेटोळ्यांचे ताल जुळले की अनुस्पंदन होते. न जुळले तर यंत्र नुसते गरम होते.

हे तत्त्व पुस्तकी नव्हे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता व त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालविला, तो ४२.३४ मीटरवर. हा आकडा म्हणजे दुसरे काय? एक वेटोळे आणि एक धारित्र ह्यांचा जमविलेला ताल. सेकंदाला सुमारे ७१ लाख फेरे. इकडचा ताल किंचित सुटला तर ऐकणाऱ्याला आवाज हरवावयाचा, आणि ताल पक्का ठेवावा तर शोध घेणाऱ्या पोलिसांनाही तो तितकाच नेमका सापडावयाचा. १२ नोव्हेंबरला गिरगावात ते पकडले गेले.

टेस्लाच्या यंत्रातील सर्वांत हट्टी भाग म्हणजे ठिणगीची फट. ती एकदा पेटली की विझावयास तयार नसे, आणि विझेपर्यंत दुय्यमात गेलेली शक्ती परत ओढून घेई. तिच्यावर वारा सोडून पाहिला, लोहचुंबक लावून पाहिला, फिरत्या चाकावर तिचे खिळे बसवून पाहिले. पुढे निर्वात नळ्या आल्या. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रँझिस्टर जन्मला. १९७० नंतर जास्त दाबाचे मॉसफेट, आणि त्यानंतरच्या दशकात मद्रासला जन्मलेल्या जयंत बालिगांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये घडविलेले आयजीबीटी. फटीची जागा ह्या मुक्या खटक्यांनी घेतली. सॉलिड-स्टेट टेस्ला कॉइल म्हणतात ती हीच.

नाशिकसारख्या गावी ती घरी बनविणे आज अवघड राहिलेले नाही. द्राक्षबागेतला पीव्हीसीचा नळ वीतभर कापून घ्यावा. विहिरीवरच्या मोटारी भरून देणाऱ्या कारागिराकडून इनॅमलची बारीक तार वजनावर आणावी. मॉसफेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावेत. तीन-साडेतीन इंची नळावर हजार वेढे घातले आणि माथ्यावर धातूचे लहानसे कडे बसविले की ताल सेकंदाला अडीच लाख फेऱ्यांच्या घरात येतो. सारे जोडून कळ दाबावी, आणि काहीच होऊ नये! नववी-दहावीचे पोर अशा वेळी कपाळाला हात लावून बसते. खरे म्हणजे तेथूनच त्याचा इतिहासाशी संबंध सुरू होतो.

कारण अडचणी त्याच आहेत, वेष तेवढा बदलला आहे. दुय्यमाच्या तळाच्या तारेवर एक लहान कडी चढवून तिच्याकडून ताल विचारून घेतात व त्या तालावर मॉसफेट उघडमीट करतात; १९१२ च्या सुमारास आर्मस्ट्राँगने रेडिओत वापरलेल्या युक्तीचीच ही धाकटी बहीण. कडीची दोन टोके उलटी जोडली गेली तर प्रत्येक रेटा अवेळी पडतो आणि झोपाळा हलतच नाही. टोकांची अदलाबदल हा पहिला उपाय, आणि तो फुकटचा. मॉसफेट फटाफट जळत असतील तर वरचा व खालचा क्षणभर एकदम उघडे राहतात की काय, ते पाहावे; तसे झाले तर तो सरळ शॉर्ट होय. त्यांच्या गेटला साधारण वीस व्होल्टांपलीकडचा झटका सोसत नाही, म्हणून तेथे झेनर डायोड हवा. खटक्याला समांतर लावावयाचे धारित्र तर फिझोचेच. ठिणगी माथ्यावरून न निघता दुय्यमाच्या अंगावरून धावू लागली तर दोन्ही वेटोळी फार जवळ आहेत असे समजावे व दुय्यम थोडे वर उचलावे. आत फुटणाऱ्या ठिणगीचा जुना रोग तो हाच.

आमच्याकडचे रेडिओ दुरुस्त करणारे एक साधन पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत: सिरीजमधला बल्ब. यंत्राच्या वाटेत साधा शंभर वॉटचा दिवा ठेवावा. आत शॉर्ट असेल तर दिवा भक्कन पेटतो आणि मॉसफेट वाचण्याची आशा राहते. पहिल्या चाचण्या तर चोवीस व्होल्टांच्या आतच कराव्या. कारण माथ्यावर नाचणाऱ्या जांभळ्या ठिणगीला सारे भितात, तिने भाजतेही. पण जीव घेणारा खालच्या डबीत मुकाट बसलेला असतो. घरातले २३० व्होल्ट एकदिश केले की धारित्रात ३२५ पर्यंत साठतात, आणि वायर उपसून काढली तरी काही काळ तेथेच राहतात. ते रिकामे झाल्याचे मीटरने पाहिल्यावाचून हात घालू द्यावयाचा नाही. कॅलनसाहेबांच्या वर्गात मीटर नव्हता, आपल्या वर्गात आहे.

आपल्याकडे शोधकांच्या कथांना तोटा नाही. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविल्याची कथा किती दिवाळी अंकांत आली असेल! पण ते यंत्र कोठे अडले, कोणता भाग तुटला, दुसऱ्या खेपेला काय बदलले, ह्याची वही कोणी पुढे ठेवलेली नाही. ती नसल्यामुळे त्यांच्या प्रयत्नाचा मानही करता येत नाही आणि दाव्याची परीक्षाही. म्हणून माझा आग्रह असतो की मुलाने कॉइल केली तर सोबत वही ठेवावी, आणि ठिणगी न पडल्याचे दिवसही तारखेसह लिहावे.

टेस्लाच्या वहीत अशीच एक क्षुल्लक वाटणारी कटकट आहे, ती जमिनीची. कोलोरॅडोची माती कोरडी. तिच्यात चांगला भूसंपर्क मिळेना, म्हणून ती ओली ठेवावी लागली. दुय्यमाचे तळचे टोक घराच्या अर्थिंगला जोडू नये, नाही तर ते झटके शेजारच्या दूरदर्शन संचापर्यंत हिंडावयाचे. स्वतंत्र गज ठोकावा लागतो. आमची काळी माती वैशाखात तडकलेली असते आणि गज तिच्यात नुसता उभा असतो. दोन घागरी पाणी ओतले की त्याच यंत्राची ठिणगी कधी कधी बोटभर लांबते.