समान टाक्याचा प्रवास : लाँगआर्म क्विल्टिंग आणि स्टिच रेग्युलेटर

स्टिच रेग्युलेटर म्हणजे क्विल्टिंगच्या यंत्रात हाताच्या वेगाप्रमाणे सुईचा वेग कमीजास्त करणारी योजना. कारागिराने लाँगआर्म यंत्राचे डोके कापडावरून सावकाश फिरवले की सुई सावकाश चालते, झपाट्याने फिरवले की तीही झपाट्याने चालते. टाका मात्र ठरवलेल्या लांबीचाच पडतो. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही सोय रुळत गेली. तिने सोडवलेला प्रश्न त्याहून बराच जुना होता. रेघ हवी तशी वळवता यावी आणि टाकाही एकसारखा राहावा, या दोन गोष्टी शिवणयंत्रावर एकत्र साधत नव्हत्या.

क्विल्टला तीन थर असतात. वर तुकडे जोडून केलेले कापड, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा थर आणि खाली अस्तर. आपल्या गोधडीप्रमाणेच हे थर टाक्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. टाके विरळ पडले तर आतला थर धुण्यात सरकतो, त्याचे गोळे होतात. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत हे काम लाकडी चौकटीवर कापड ताणून हातानेच होई. अनेकदा शेजारपाजारच्या बायका एकाच चौकटीभोवती बसत. एका इंचात किती टाके बसले यावरून कौशल्य जोखले जाई. दहा-बारा टाके हे उत्तम हाताचे लक्षण होते. पण जाणकारांची नजर आकड्याआधी समानतेवर जाई, कारण टाका थोडा मोठा असला तरी चालतो, वेडावाकडा असला तर तो लगेच डोळ्यांत भरतो.

एलियास हॉव याने १८४६ मध्ये दोन धाग्यांच्या शिलाईच्या यंत्राचे पेटंट मिळवले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगरचे यंत्र आले आणि काही वर्षांतच त्याच्या कंपनीने हप्त्यांवर विक्री सुरू केल्याने यंत्र मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. समान टाक्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा शोध ॲलन विल्सनचा. १८५४ मध्ये त्याने सुईखालच्या दातेरी पट्टीला चार हालचाली दिल्या: वर येणे, कापड पुढे नेणे, खाली जाणे, मागे परतणे. दोन टाक्यांच्या मध्ये कापड ठरावीक अंतरच सरकू लागले आणि टाक्याची लांबी यंत्राच्या हाती गेली. त्या काळच्या अनेक क्विल्टवर यंत्राची शिलाई दिसते. पण ही पट्टी कापड एकाच दिशेने ओढते. त्यामुळे सरळ रेघा आणि सौम्य वळणे जमत. पिसे, वेली, वर्तुळे काढायची तर तीन थरांचे सगळे ओझे यंत्राच्या आखूड हाताखाली पुन:पुन्हा फिरवावे लागे.

दातेरी पट्टी खाली पाडली किंवा झाकली की कापड कोणत्याही दिशेला नेता येते. हेच फ्री-मोशन. यंत्रावरच्या भरतकामात ही पद्धत आधीपासून होती. तिची किंमत टाक्याच्या लांबीत मोजावी लागते, कारण आता ही लांबी हाताचा वेग आणि सुईचा वेग यांच्या मेळावर ठरते. सुई मिनिटाला १,२०० टाके घालत असेल, म्हणजे सेकंदाला २०, आणि हात सेकंदाला दोन इंच चालत असेल, तर इंचाला दहा टाके पडतात. वळणावर हात एक इंचाच्या वेगावर आला की तेच टाके वीस होतात. सरळ रेघेत तो चार इंचांवर गेला की पाचच उरतात. हात वळणावर मंदावणारच, म्हणून विषम टाका हा या पद्धतीचा अंगभूत दोष ठरला.

विसाव्या शतकाच्या मध्यात मागे पडलेली ही कला १९७०च्या दशकात पुन्हा फुलली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या क्विल्ट कलाकृती म्हणून भिंतीवर मांडल्या. १९७६ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीने या उत्साहाला आणखी बळ दिले. तुकडे जोडून वरचे कापड तयार करणे अनेकांना आवडे, थर शिवून क्विल्ट पुरी करणे मात्र वेळखाऊ होते. पैसे घेऊन हे काम करणाऱ्यांची गरज वाढली आणि १९८०च्या दशकात त्यांच्यासाठी लाँगआर्म यंत्रे बनू लागली. मिसुरीतील वेस्ट प्लेन्स येथील गॅमिल, आयोवातील एपीक्यूएस, तसेच नोल्टिंग या कंपन्या ही त्यांतली ठळक नावे.

या यंत्रात घरगुती पद्धत उलटी केलेली असते. तीन थर लांब टेबलावरच्या रुळांवर ताणून स्थिर ठेवतात आणि चाकांवर बसवलेले यंत्राचे डोकेच दांड्यांनी धरून चारी दिशांना फिरवतात. ओझे गेले, रेघ मोकळी झाली, विषम टाका मात्र राहिला. सुरुवातीच्या यंत्रांत मोटरचा वेग एकदा ठरवला की सुई त्याच गतीने चाले, म्हणून मोटरच्या आवाजाशी हाताचा मेळ घालायला शिकावे लागे. त्यासाठी दीर्घ सराव लागे. हात सुईपेक्षा पुढे धावला तर कापडात अडकलेली सुई वाकते, टाका सुटतो, धागा तुटतो. हात थबकला तर एकाच जागी टाक्यांची गाठ होते.

याच सुमारास यंत्राच्या टाक्याला प्रतिष्ठाही मिळाली. १९८९ मध्ये केंटकीतील पडुका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘कोरोना टू : सोलर एक्लिप्स’ या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. यंत्रावर शिवलेल्या क्विल्टला तेथे हा मान प्रथमच मिळत होता. यंत्राचे काम हाताच्या कामाशेजारी मांडले जाऊ लागले, तशी त्यातल्या टाक्याची तपासणीही काटेकोर झाली.

रेग्युलेटरने सुईला हाताच्या मागे चालायला लावले. डोक्याच्या गाड्याला दोन एन्कोडर जोडलेले असतात. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा उभी. चाक फिरते तसे ते विद्युतस्पंद पाठवतात. नियंत्रक दोन्ही मापांवरून प्रत्यक्ष कापलेले अंतर काढतो, त्यामुळे तिरप्या रेघेतही हिशेब चुकत नाही. इंचाला दहा टाके ठरवले असतील, तर दर दशांश इंचाला सुई एकदा खाली जाईल एवढा वेग तो मोटरला देतो.

यात पुढे दोन पद्धती रूढ झाल्या. एकीत हात थांबला की सुईही थांबते. आखीव रेघेवरून किंवा पट्टी धरून काम करताना ती सोयीची. दुसरीत हात थांबला तरी सुई किमान वेगाने चालत राहते, त्यामुळे वेलबुट्टीच्या सलग कामात लय तुटत नाही. रेग्युलेटरलाही मर्यादा आहे. मोटर मिनिटाला १,८०० टाक्यांपर्यंतच जात असेल, तर इंचाला दहा टाके राखायला हाताने सेकंदाला तीन इंच ओलांडता कामा नये. चाकांना धाग्याचे तुसे चिकटले किंवा एन्कोडर रुळावर नीट टेकला नाही, तरीही टाका बिघडतो.

टेबलावर बसून शिवणाऱ्यांसाठी स्वित्झर्लंडच्या बर्निना कंपनीने २००५च्या सुमारास असाच नियंत्रक आणला. तेथे यंत्र स्थिर असते आणि कापड फिरते, म्हणून मोजणीची जागा बदलली. सुईजवळच्या फूटमधला प्रकाशसंवेदक संगणकाच्या माऊसप्रमाणे खालून सरकणारे कापड वाचतो.

रेग्युलेटरमुळे लाँगआर्म शिकण्याची पहिली अवघड पायरी बरीच सोपी झाली आणि हे यंत्र व्यावसायिकांच्या कारखान्यांतून हौशी क्विल्टरांच्या घरांत शिरले. हालचाल मोजणाऱ्या तंत्राला मोटरींची जोड मिळाली आणि संगणकातली नक्षी आपोआप शिवणारी यंत्रेही आली. तरीही अनुभवी कारागीर बारीक भरणीच्या कामात कधीकधी रेग्युलेटर बंद करून ठरावीक वेगावर शिवतात, कारण अगदी छोट्या वळणांत त्यांना सुईची अखंड चाल हवी असते. शतकभर ज्या समानतेवरून हात पारखला गेला, ती आता यंत्राकडून मिळते. रेघेचा डौल, नक्षीची घनता आणि वरच्या तुकडेकामाशी तिचा मेळ या गोष्टी कारागिराच्याच राहिल्या आहेत, आणि फ्री-मोशन क्विल्टिंगची पारख आज मुख्यतः त्यांवरूनच होते.