चांदीचा डोंगर आणि पाहणाऱ्याची नजर

एखादी वस्तू फार मोलाची आहे हे सांगण्यासाठी ‘तिचे मोल एका पोतोसीएवढे आहे’ असे म्हणण्याची स्पॅनिश भाषेत जुनी रीत आहे. पोतोसी हे दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशातले शहर. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर ते वसले आहे, आणि त्याच्या पाठीशी ‘सेरो रिको’, म्हणजे श्रीमंत डोंगर, उभा आहे. १५४५ साली या डोंगरात चांदीच्या शिरा सापडल्या आणि पुढे कितीतरी पिढ्या तिथली चांदी जगभर गेली. आज तोच पोतोसी प्रांत बोलिव्हियातील अत्यंत गरीब प्रांतांत गणला जातो, आणि बोलिव्हिया त्या खंडातील गरीब देशांत. ज्या गावाच्या नावाने श्रीमंती मोजली गेली, त्याच गावी दारिद्र्याने बिऱ्हाड का करावे? हा प्रश्न इतिहासाचा आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागले की ते आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचते.

चांदी डोंगरात होती, तरी ती आपोआप बाहेर येत नव्हती. १५७०च्या दशकात पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने ‘मीता’ नावाची वेठ पद्धतशीरपणे लागू केली. इंका राजवटीत सार्वजनिक कामांसाठी पाळीपाळीने श्रम देण्याची प्रथा होती. तिचेच नाव घेऊन तिला खाणीला जुंपण्यात आले. डोंगराळ मुलुखातील गावांनी आपल्या धडधाकट पुरुषांपैकी ठरावीक हिस्सा दरवर्षी पोतोसीला पाठवायचा, असा नियम झाला. वर्षाकाठी सुमारे साडेतेरा हजार पुरुष अशा रीतीने येत. कित्येक जण बायकामुलांसह, लामा जनावरांच्या पाठीवर शिधा लादून, शेकडो किलोमीटर चालत येत. मजुरी मिळे, परंतु तीत पोट भरत नसे. चामड्याच्या दोरांच्या शिड्यांवरून मेणबत्तीच्या उजेडात खनिजाची ओझी वर आणायची, आणि खाली चांदी वेगळी करण्यासाठी ते कुटलेले खनिज पाऱ्यात मिसळून तुडवायचे. पारा येई पेरूमधील वांकाव्हेलिकाच्या खाणीतून. तिथली हवा तर पोतोसीहूनही घातक होती. वेठ चुकवण्यासाठी लोक आपली गावे सोडून परागंदा होऊ लागले. अशा श्रमांवर सतराव्या शतकाच्या आरंभी पोतोसीची वस्ती लाखाच्या वर गेली आणि ते शहर सेव्हिलसारख्या युरोपीय नगरांच्या पंक्तीला जाऊन बसले.

ही चांदी गेली कोठे? तिचा पाचवा हिस्सा स्पेनच्या राजाचा. पण राजाच्या तिजोरीतही ती टिकली नाही. युद्धांचा खर्च आणि जिनोव्हाच्या सावकारांचे कर्ज यांत ती वाहून गेली. दुसऱ्या फिलिप राजाने १५५७, १५७५ आणि १५९६ साली देणी थकवली. १५६५ पासून मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून मनिलाला जाणारी गलबते अमेरिकेची चांदी थेट आशियात आणू लागली, आणि लिस्बनहून निघालेल्या पोर्तुगीज जहाजांतून स्पॅनिश रियाल गोव्याला उतरू लागले. मिरी आणि सुती कापड यांच्या बदल्यात युरोपकडे देण्याजोगे दुसरे फारसे काही नव्हते. मोगल राज्यात चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्याच; तरी रुपया चांदीचाच होता. सुरतेच्या टांकसाळीत परदेशी नाणी वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. वितळलेल्या चांदीला आपला गाव आठवत नाही. कोकणपट्टीवर कोणाच्या पैंजणात, कोणाच्या देव्हाऱ्यात आणि कोणत्या वेदीवरच्या चषकात पोतोसीचा घाम येऊन मिसळला, हे आता कोणीही वेगळे काढू शकणार नाही. म्हणूनच ‘ते तिकडचे दुःख’ असे म्हणण्याची सोय आपल्याला उरत नाही.

आता प्रवाशांकडे वळू. १९८७ साली युनेस्कोने पोतोसीला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आज देशोदेशींचे पर्यटक तिथे जातात. जुनी टांकसाळ पाहतात, मंदिरे पाहतात आणि पैसे भरून खाणीतही उतरतात. खाणी अजून चालू आहेत. सहकारी संस्थांचे कामगार तिथे कथील, जस्त आणि उरलीसुरली चांदी खणतात. पर्यटक बाजारातून कामगारांसाठी कोकाची पाने आणि पेये विकत घेतात, डोक्याला दिवा बांधून तासदोन तास आत सरपटतात, धूळ गिळतात आणि बाहेर येऊन मोकळा श्वास घेतात. कामगार आतच राहतो. २००५ साली प्रदर्शित झालेल्या ‘द डेव्हिल्स मायनर’ या माहितीपटात याच डोंगरात राबणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची आणि त्याच्या धाकट्या भावाची कहाणी आहे. डोंगर इतका पोखरला गेला आहे की त्याचा माथा खचण्याच्या धोक्यामुळे २०१४ साली युनेस्कोने पोतोसीची नोंद संकटग्रस्त वारशांत केली.

या पर्यटकांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु आपणही आता प्रवासी झालो आहोत. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे फातिमा, लूर्द, रोम अशा यात्रांना जातात. काही गट स्पेनमध्येही फिरून येतात. सेव्हिलच्या महामंदिरात मीही एकदा उभा होतो. तिथल्या सोन्याने मढवलेल्या भव्य वेदीसमोर मान आपोआप लवते. मार्गदर्शक वेदीची उंची सांगतो, कोरीव मूर्तींची संख्या सांगतो, कोलंबसाची समाधी दाखवतो. नदीकाठचा मनोरा दाखवून इथे अमेरिकेची जहाजे नांगरत असे सांगतो. जहाजे कोणी भरली, हे सांगण्यासाठी यात्रेच्या कार्यक्रमात वेळ राखलेला नसतो, आणि विचारण्याचे आपल्यालाही सुचत नाही.

हा न विचारलेला प्रश्न एका चित्रपटाने फार नेमकेपणाने विचारला आहे. २०१० साली आलेल्या इसियार बोयाईन या स्पॅनिश दिग्दर्शिकेच्या त्या चित्रपटाच्या नावाचा अर्थ आहे ‘पाऊससुद्धा’. पटकथा पॉल लॅव्हर्टी यांची. कोलंबसाचे क्रौर्य आणि त्याविरुद्ध उभे राहिलेले धर्मगुरू यांच्यावर चित्रपट काढण्यासाठी एक स्पॅनिश चमू बोलिव्हियातील कोचाबांबा शहरात येतो. कथा घडते कॅरिबियन बेटांवर, पण चित्रीकरण अँडीज पर्वतात. कारण तिथे खर्च कमी. स्थानिक क्वेचुआ लोकांना कॅरिबियन आदिवासी म्हणून उभे केले जाते. जुलमाचा निषेध करणाऱ्या या चित्रपटाचा निर्माता फोनवर इंग्रजीत हसत सांगतो, की हे लोक रोजचे दोन डॉलर घेऊन खूष आहेत. शेजारी उभ्या असलेल्या दानिएल नावाच्या स्थानिक माणसाने अमेरिकेत बांधकामावर मजुरी केलेली असते. त्याला इंग्रजी समजते. ते ऐकताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा आहे.

आमच्या युवक मंडळासमवेत हा चित्रपट पाहिला, तेव्हा चर्चेत एका मुलाने विचारले, “फादर, ते दोन डॉलर म्हणजे आपले किती?” कथा २००० सालची, त्या वेळच्या दराने नव्वदेक रुपये होतात. दुसरा लगेच म्हणाला, “मग वाईट काय? आपल्याकडे बिगाऱ्याला तेव्हा तेवढेच मिळत असतील.” सारे हसले, आणि क्षणभराने कोणीच हसेना. निर्मात्याचे गणित आणि आपले गणित एकच आहे, हे त्या मुलांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

चित्रपटाची पार्श्वभूमी काल्पनिक नाही. १९९९ साली कोचाबांबाचा पाणीपुरवठा चाळीस वर्षांच्या करारावर ‘आग्वास देल तुनारी’ या खाजगी कंपनीकडे सोपवण्यात आला. बेक्टेल ही अमेरिकी कंपनी तिच्यामागे होती. २००० सालच्या आरंभी पाणीपट्टी एवढी वाढली की कित्येक घरांत ती दुप्पट झाली. लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरी आणि बांधलेल्या योजनाही हातच्या जातील, एवढेच काय, छपरावरून उतरणाऱ्या पावसावरही हक्क सांगितला जाईल, अशी भीती पसरली. कामगार, शेतकरी, गृहिणी रस्त्यावर आल्या. ८ एप्रिल रोजी सरकारने आणीबाणी पुकारली. त्या दिवशी सतरा वर्षांचा एक तरुण गोळी लागून मरण पावला. १० एप्रिलला करार रद्द झाला. कंपनीने पुढे आंतरराष्ट्रीय लवादाकडे भरपाई मागितली, पण जगभर टीका झाल्यावर २००६ साली दोन बोलिव्हियानो एवढ्या नाममात्र रकमेत तो दावा मिटवला. विजय मोठा होता. तरी शहराच्या दक्षिणेकडील अनेक वस्त्या त्यानंतरही वर्षानुवर्षे टँकरच्या पाण्यावर दिवस काढत राहिल्या. शतकांची विषमता एका आंदोलनाने पुसली जात नाही.

त्या चित्रपटातील चित्रपटात जे धर्मगुरू दिसतात, ते इतिहासात खरोखर होऊन गेले. २१ डिसेंबर १५११, आगमनकाळाचा चौथा रविवार. हिस्पानिओला बेटावरील सांतो दोमिंगो येथे डोमिनिकन संघाचे फादर आंतोनिओ दे मोंतेसिनोस यांनी प्रवचनात वसाहतवाल्यांना तोंडावर विचारले, की या मूलनिवासींना तुम्ही कोणत्या हक्काने गुलामीत ठेवले आहे, आणि ती माणसे नाहीत काय? श्रोते संतापले. पुढच्या रविवारी शब्द मागे घ्यावेत म्हणून दबाव आला, तेव्हा फादरांनी तेच अधिक कठोरपणे सांगितले.

बार्तोलोमे दे लास कासास यांची कथा आपल्याला अधिक जवळची वाटावी. ते १५०२ साली या बेटांवर आले. त्यांच्याकडे जमीन होती आणि राबायला मूलनिवासी होते. पुढे ते धर्मगुरू झाले, तरी ही व्यवस्था चालूच राहिली. क्यूबाच्या स्वारीत त्यांनी डोळ्यांदेखत कत्तल पाहिली, कळवळले, मरणाऱ्यांना दिलासा दिला. आणि त्यानंतरही मूलनिवासींचे श्रम त्यांच्या वाट्याला आले तेव्हा ते स्वीकारले. बारा वर्षे सारे काही पाहूनही त्यांच्या जीवनक्रमात फरक पडला नाही. फरक पडला तो १५१४ साली, पेन्टेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना. बेन सिराच्या ग्रंथातील चौतिसाव्या अध्यायात, गरिबाकडून हिरावलेल्या वस्तूचे अर्पण परमेश्वराला मान्य होत नाही आणि मजुराची मजुरी बुडवणारा रक्त सांडतो, या आशयाच्या ओळींवर ते थबकले. परदुःख त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्या दिवशी त्यांनी स्वतःचा हिशेब पाहिला. आपल्या ताब्यातील मूलनिवासींवरचा हक्क त्यांनी सोडून दिला आणि १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, वसाहतवाल्यांपुढे ते जाहीर प्रवचनातून सांगितले. पुढची पन्नास वर्षे ते राजदरबारी झगडत राहिले. १५४२ च्या नव्या कायद्यांमागे त्यांचे परिश्रम होते.

तरी त्यांची दृष्टीही एकदम निवळली नाही. मूलनिवासींचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकन गुलाम आणावेत, अशी सूचना त्यांनी केली होती. त्याचा पश्चात्ताप त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला. एकाचा हिशेब चुकता करताना दुसऱ्याच्या नावावर उधारी चढवणे किती सहज घडते, याचे हे उदाहरण. ख्रिस्तसभेनेही आपला हिशेब टाळलेला नाही: जुलै २०१५ मध्ये बोलिव्हियाच्या भूमीवर उभे राहून पोप फ्रान्सिस यांनी, अमेरिका खंड जिंकला जात असताना मूलनिवासींविरुद्ध झालेल्या अपराधांबद्दल, ख्रिस्तसभेच्या अपराधांसह, नम्रपणे क्षमा मागितली.

वाचकहो, प्रवास करू नये, चित्रपट पाहू नयेत, असे मी म्हणणार नाही. न पाहण्याने कोणाचेच भले होत नाही. पण पाहिल्याने मन हेलावले की आपले कर्तव्य झाले, ही समजूत मात्र घातक आहे. पोतोसीच्या खाणीतून बाहेर येणाऱ्या पर्यटकाचे डोळेही पाणावलेले असतात. लास कासासांच्या चरित्रावरून एवढे कळते, की कळवळा आणि हिशेब यांच्यामध्ये बारा वर्षांचे अंतर पडू शकते. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, वाडीत राबणारा आदिवासी, पहाटे नाक्यावर कामाची वाट पाहणारा बिगारी यांच्या मजुरीचा आकडा ठरवताना आपण काय म्हणतो? ‘एवढ्यात ते खूष आहेत’ हे वाक्य आपल्या तोंडी येते का?

येत्या रविवारी अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेले जातील. मानवी श्रमांचे ते फळ आहे, असे आपण प्रार्थनेत म्हणतो. कोणाच्या श्रमांचे, आणि त्या श्रमांचे दाम पोहोचले का, एवढे ज्याने त्याने वेदीपाशी येण्यापूर्वी मनाशी तपासून पाहावे.